विलू, निळं की करडं?

विलू, तू गेल्याला सव्वा महिना होऊन गेला. पावणे परतले, घरापुढच्या खळ्यातला मांडव सोडला. या दिवसांत लोक तुझ्याबद्दल जे जे बोलले ते मी भिंतीला टेकून ऐकत होते. ‘बोटीवरचो माणूस, पण कसलो गर्व नाय.’ ‘कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय.’ सगळं खरं. पण मागच्या खोलीबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. घरी परतल्यावर आठ वर्षं तू जिथे बसलास ती खोली त्यांच्या लेखी तुझं खूळ होतं. मोठ्या बहिणीच्या लेखी तसं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. बाकीचं लोकांनी सांगून झालंय.

तू बोट सोडून मिठबावला आलास तेव्हा चाळिशीही गाठली नव्हतीस. सोळा वर्षं इंजिनरूममध्ये काढलीस. आये जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि ती गेली तेव्हा तू कुठल्या समुद्रात होतास ते आम्हाला धड माहीत नव्हतं. पोचलास तेव्हा तेरावाही उरकला होता. त्या वेळी रडला नाहीस. कायमचा परत आल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात मला विचारलंस, “ताय, आयेची फुगडीची गाणी आता कोण म्हणता?”

“कोण म्हणतला? माका तेवढी येतत.”

“किती?”

मी बोटांवर मोजली. अडतीस भरली. तू मान खाली घालून बसलास आणि म्हणालास, “तू पण गेलंस तर?”

असं तोंडावर विचारणारा तूच. मी रागावले. पण दुसऱ्या दिवशी तू आंब्याच्या पेट्या ठेवायची मागची खोली रिकामी करायला काढलीस आणि भिंतींना काथ्याच्या चटया ठोकल्यास, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. पेट्या गेल्या तरी पेंढ्याचा वास काही त्या खोलीतून गेला नाही. कुडाळहून कॉम्प्युटर आणलास तो टेम्पोत मांडीवर घेऊन. तुझी बायको सुलभा मला हसून म्हणाली होती, “वन्सं, लग्नात माका सुद्धा इतक्या जपून आणूक नाय.” आणि मग तिनेच त्यावर स्वतःची चांगली शाल पांघरली.

मी मालवणच्या शाळेत शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारची एस.टी. धरून तुझ्याकडे यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत. पहिल्या शनिवारी तू मला समजावलंस की गाणं एकदम न म्हणता थराथराने कॉम्प्युटरात भरता येतं. आधी ठेका, त्यावर पेटी, त्यावर गळा, आणि प्रत्येक थर वेगळा दुरुस्त करता येतो. हे ज्या सॉफ्टवेअरने करतात त्याला सिक्वेन्सर म्हणतात.

“म्हणजे घावण्यांची चळत,” मी म्हटलं.

“तशीच. फक्त मधलो घावणो बदलता येता.”

कुडाळच्या एका स्टुडिओवाल्याने तुला दोन सिक्वेन्सरच्या नमुन्याच्या सीडी दिल्या होत्या. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून आपण त्यांना पडद्याच्या रंगावरून हाक मारू लागलो. एक निळं, एक करडं. दोन्ही वापरून बघायची आणि एक कायमचं घ्यायचं, असं ठरलं. हे ठरवणं महिन्याभरात संपेल असं मला वाटलं होतं. दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत आपण जेवढं भांडलो तेवढं लहानपणीही भांडलो नव्हतो.

करडं साधं होतं. लाल बटण दाबलं की ते ऐकायला लागायचं, थांबवलं की थांबायचं. मी म्हटलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. पडद्यावर नुसत्या आवाजाच्या लाटा दिसायच्या. मला तेच आवडलं. निळं मात्र चौकटींनी भरलेलं. त्यात पेटीवर वाजवलेला प्रत्येक सूर एक छोटी आडवी पट्टी होऊन दिसायचा, उंच सूर वर, खालचा खाली. गळ्यातला सूरही तू माझ्याकडून पेटीवर वाजवून घेऊन एकेक करून तिथे पट्ट्यांनी मांडायचास. माझी चार ओळींची कडवी मांडायला तुझी अख्खी दुपार जायची.

“माका गाणा म्हणूचा आसा विलू, भरतकाम करूचा नाय.”

“ताय, करड्यात काय आसा ता कळना नाय गो. नुसती लाट. चांगला म्हटलंस की वायट, लाट तशीच.”

“मगे कान कशाक आसत?”

तू पडद्याकडे बघत राहिलास. मी ते तुझं हट्टीपण समजले.

नमुन्याच्या सीडीत सगळं करता यायचं, फक्त साठवता यायचं नाही. कॉम्प्युटर बंद केला की सगळं पुसलं जायचं. म्हणून आपण एका बैठकीत एक गाणं पुरं करायचो आणि तू ते शेवटी कॅसेटवर उतरवून घ्यायचास. एका रविवारी माझा गळा असा लागला की मीच चकित झाले. सासरी निघालेल्या लेकीचं गाणं होतं, आये ज्यात नेहमी रडायची ते. मी न थांबता सबंध म्हटलं. तू ठेका बसवत होतास, घामाने भिजला होतास. मी म्हटलं, “आता उतरव कॅसेटवर.” तू म्हणालास, “थांब गो, दोनच पट्ट्या रवल्यत.” आणि लाईट गेली.

पडदा काळा झाला. पंखा हळूहळू फिरत थांबला. आपण दोघं अंधुक खोलीत बसून राहिलो. सुलभा दारात आली, आपली तोंडं बघितली आणि परत गेली.

“करड्यात घेतला असतंस तर केव्हाच कॅसेटवर गेला असता,” मी म्हटलं. त्यानंतर चार महिने मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. शनिवारी यायचे, जेवायचे, सुलभाबरोबर सुकी मासळी निवडायचे आणि परत जायचे. तू एकदाही ‘चल’ म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर आले असते. आज वाटतं, तूही माझ्या ‘चल’ची वाट बघत असशील.

शेवटी तू मला न विचारता निळंच कायमचं घेतलंस. मुंबईहून मागवलंस. त्याच्याबरोबर एक प्लास्टिकची किल्ली आली होती, ती कॉम्प्युटरच्या मागे खोचली तरच ते चालायचं. तू ती देवघरातल्या पेटीत ठेवायचास. मी आले त्या दिवशी ती माझ्या हातावर ठेवून म्हणालास, “तूच लाव.” माफी मागायची तुझी रीत ही. मी लावली. माझीही रीत तीच.

मग लयीचं नवीन भांडण निघालं. निळ्यातला ठोका घड्याळासारखा चालायचा आणि आपल्या बायका फुगडीत कधी घड्याळासारख्या चालल्यात? गाणं सुरू होतं चालीवर आणि संपतं धावण्यावर. शेजारच्या काशीकाकीला आणि तिच्याबरोबर फुगडी घालणाऱ्या चौघी जणींना तू माइकसमोर उभं केलंस तेव्हा दुसऱ्या कडव्यालाच त्या ठोका मागे टाकून पुढे निघून गेल्या. काकी म्हणाली, “विलग्या, तुझ्या पेटाऱ्यातलो माणूस दमलो रे!”

तू हसलास, पण सोडलं नाहीस. ठोक्याचा वेग गाण्याच्या मध्येच बदलता येतो हे तू पुस्तकात वाचून काढलंस. मला सबंध गाणंभर पायाच्या तालावर टाळी वाजवायला लावलीस. मग त्या प्रत्येक टाळीची लाट पडद्यावर मोठी करून, तिच्या टोकाशी ठोका नेऊन बसवत राहिलास. एकेक टाळी. तीन महिने. मी वैतागून म्हणाले, “नुसता आयकून कळता मरे! तुझे कान खंय गेले? गाणा काय डोळ्यांनी आयकतंस?”

तू हसलास. तुझं ते हसणं मला अजून दिसतं. तेव्हा ते मला नेहमीचंच वाटलं होतं.

आणि मग तो दिवस आला. कायमच्या निळ्यातलं पहिलं गाणं तयार झालं म्हणून तू सगळ्यांना खळ्यात बोलावलंस. स्पीकर खिडकीच्या कठड्यावर ठेवलास. बायका चटईवर बसल्या. गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या ओळीला तू भरलेली झांज आली. विलू, ती झांज नव्हती, कानात सुई होती. इतकी तीक्ष्ण आणि इतकी मोठी की एका पोरसवद्या सुनेने दोन्ही कानांवर हात ठेवले. काशीकाकीने पदर सावरायच्या निमित्ताने तळहात कानाशी नेला. आणि तू मध्ये उभा, चेहरा उजळलेला, झांजेच्या प्रत्येक ठोक्याला मान डोलवत होतास. तुला ती आता कुठे जेमतेम ऐकू येत होती.

मला तिथेच सगळं कळलं. मी सुलभाकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती. मग मला आठवलं की ती तुझ्याशी कधीच पाठमोरी बोलत नसे. पाणी द्यायचं असलं तरी समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायची. मला तो तिचा धीटपणा वाटायचा.

गाणं संपलं. तू विचारलंस, “कसा झाला?”

“बरा झाला,” मी म्हणाले. काकीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरा झाला हां, विलग्या.” मग सगळ्या म्हणाल्या.

संध्याकाळी तू किनाऱ्यावर निघालास तेव्हा मी मागोमाग आले. ओहोटी होती. मी तुझ्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सुलभासारखी तोंडाकडे बघून विचारलं, “कधीपासून?”

तू नाटक केलं नाहीस. “बोटीवर असतानाच. बारीक आवाज पयले जातत. घुंगरू, झांज, पाखरा. मगे बायकांचो आवाज.” मग म्हणालास, “तुझो आवाज माका अर्धोच येता गो ताय. उरलेलो मी निळ्यात बघतंय.”

मी वाळूत बसले. दोन वर्षं मी तुला करड्यासाठी छळत होते. नुसती लाट. चांगलं की वाईट, लाट तशीच. तू मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं. आपल्या दोघांत बहिरं कोण होतं?

“कोणाक सांगू नको. बोटीवरून हेच्यासाठीच आयलंय, ता पण कोणाक म्हायत नाय.”

“सुलभाक म्हायत आसा.”

“तिका मी सांगूक नाय.”

“तरी म्हायत आसा.”

तूही वाळूत बसलास, समुद्राकडे तोंड फिरवलंस आणि तुझे खांदे हलायला लागले. आये गेली तेव्हाचं राहिलेलं रडणंही त्यातच असावं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून बसले. बोलून उपयोग नव्हता, तुझी पाठ माझ्याकडे होती.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं आहेत, हे मी तुला कधी सांगितलं नाही. शनिवारी मी तुझ्या शेजारी स्टुलावर बसायचे. तू पट्ट्या मांडायचास, मी आवाज मापायचे. झांज किती ठेवायची ते मी बोटाने दाखवायचे आणि तू मुकाट्याने खाली आणायचास, तुला ऐकू येईनाशी होईपर्यंत. स्वतःला न ऐकू येणारं वाद्य दुसऱ्यांसाठी नेमकं ठेवणं काय असतं, ते मी तुझ्या चेहऱ्यावर बघितलंय. माझ्या गळ्याच्या थरांना तू नावं द्यायचास. ‘ताय एक’, ‘ताय दोन’, ‘ताय चाय घेवन’, ‘ताय रागात’. रागातला थर बहुतेक वेळा सगळ्यात चांगला निघायचा. बत्तीस गाणी झाली. गावात गौरीला बायका त्यांवर नाचल्या. सीडीवर कोणाचं नाव घालायचं विचारल्यावर तू ‘आये’ एवढंच घातलंस.

आता ते भांडण. त्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल.

गेल्या वर्षी निळ्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात गळ्यातला सूरही पट्टीसारखा धरून वर-खाली ओढता येत होता. आपण सासरी निघालेल्या लेकीचं ते गाणं, लाईट गेल्यावर हरवलेलं, एकदाचं पुन्हा घेतलं होतं. पुढच्या शनिवारी तू मला ते ऐकवलंस. शेवटच्या कडव्यात एका जागी माझा गळा मला परका वाटला.

“हो माझो आवाज नाय.”

“तुझोच. फक्त जाग्यार आणलंय. बघ, पट्टी रेषेच्या खाली होती.”

“ती खालीच असूची. आये थय खालीच उतरा.”

“नाय. आये बरोबर सुरात म्हणी. माका आठवता.”

“तुका काय आठवता? तू हय नव्हतंस!”

विलू, तेव्हा मी तुझ्या अगदी समोर होते, तोंडाकडे बघून बोलत होते. तुला ते पुरतं ऐकू आलं. तू कॉम्प्युटर बंद केलास, किल्ली काढलीस आणि ‘जेवक चल’ म्हणालास. त्यानंतरही आपण भेटलो, हसलो, आणखी दोन गाण्यांवर काम केलं. पण त्या गाण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. ते वाक्य मी मागे घेतलं नाही. वेळ आहे असं वाटलं. तुझ्या छातीत कळ आली त्या सकाळी मी मालवणात मुलांकडून पाढे म्हणून घेत होते.

दहाव्या दिवशी, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी होते तेव्हा मला एकदम सुचलं. तू बोटीवर गेलास तेव्हा आयेचं वय माझ्या आजच्या वयाहून कमी होतं. तिचा गळा तेव्हा सरळ चढत असणार. पुढे ऐन गौरीगणपतीत तू कधीच घरी नव्हतास, म्हणून तुझ्याजवळ राहिली ती तेव्हाची आये. माझ्याजवळ राहिली ती नंतरची, दम लागणारी, त्या जागी खाली उतरणारी. दोघंही खरं बोलत होतो रे. तू इथे नव्हतास म्हणूनच तुझ्याजवळ ती चढणारी आये शिल्लक होती, माझ्याजवळची तर केव्हाच पुसली गेली होती. एवढी साधी गोष्ट. एक वर्ष आधी सुचली असती तर शनिवारच्या एस.टी.तून उतरून धावत तुझ्याकडे आले असते. आता इथे लिहिते. ते वाक्य मी मागे घेते, विलू. माझं चुकलं.

आणखी एक राहिलंय. त्या दिवशी खळ्यात मी ‘बरा झाला’ म्हणाले ते झांजेपुरतं खोटं होतं, आणि तुला ते पुढे कळलंच. पण लय? तू टाळीटाळीने वर चढवत नेलेली ती लय इतकी खरी होती की कानावर हात ठेवून बसलेल्या बायकांचे पाय चटईवर हलत होते. मी ते बघितलं होतं. झांजेच्या धक्क्यात सांगायचं राहिलं आणि मग सांगायची वेळ निघून गेली असं वाटत राहिलं. तीन महिने तू डोळ्यांनी जे केलंस ते दोन धड कान असूनही मला जमलं नसतं.

परवा शनिवार होता. सवयीने दुपारची एस.टी. धरली आणि आले. जेवण झाल्यावर सुलभा म्हणाली, “वन्सं, ता चालू कसा करतत, माका दाखवा.”

मी घाबरले. म्हटलं, “इतक्यात? लोक काय म्हणतीत?”

“म्हणूं देत. चार गाणी रवली आसत. हेंनी वहीत लिवन ठेवल्यानी.”

आम्ही खोली उघडली, निळ्याची किल्ली खोचली. मी तिला तुझ्या वहीतून वाचून दाखवत गेले, ती दाबत गेली. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा निळं उघडलं. ती तुझ्या खुर्चीत बसली नाही, बाजूला स्टूल घेऊन बसली. मोठे हेडफोन तिने केसांवरून नीट बसवले. मी माइकसमोर उभी राहिले. म्हणायला लागले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. ती डोळे मिटून ऐकत होती. इतकी वर्षं दारातून चहा देऊन परत जाणारी सुलभा. तिचा कान कसा आहे हे आपल्यापैकी कोणी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिने हात वर केला.

“थांबा वन्सं. तुमी मागे पडलात.”

पडले होते. मी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.